शारजाचा एक गुण

अनुराधाताई प्रधान. आधी हे नाव लिहून ठेवतो. पुढे जे सांगणार आहे त्यात माझी चूक आहे आणि माझं खोटं बोलणंही आहे, आणि वाचणारा माणूस त्यातच गुंततो. मदत कुणी केली ते मागे राहतं. तसं व्हायला नको.

मी महादेव, इचलकरंजीचा. आठवीनंतर शाळा सोडली, यंत्रमागावर लागलो. पुढे ते काम सुटलं आणि ओळखीनं दुबईला आलो. एका क्लबच्या मैदानावर पाणी मारणं, गवत कापणं, पांढऱ्या रेषा आखणं हे माझं काम. राहायला अल कुसैसला, एका खोलीत आम्ही सहाजण. मैदानावर रग्बी चालतं. हा खेळ इथं येईपर्यंत मी पाहिला नव्हता. पहिले काही महिने मला वाटायचं मारामारी चालू आहे आणि मधे एकजण उगाच शिट्टी वाजवतोय.

ताई दर शनिवारी मैदानावर यायच्या. पुण्याच्या, पन्नाशीच्या आसपास, अंगानं बारीक, डोक्यावर मोठी कापडी टोपी. सिलिकॉन ओएसिसमधल्या एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टर होत्या. मी एकदा विचारलं, "ताई, टेस्टर म्हणजे काय करायचं असतं?"

"दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधायच्या."

"त्याचा पगार मिळतो?"

"ऑफिसात मिळतो. घरी फुकट करते."

त्यांची मुलगी सई कॉलेजात होती आणि बायकांच्या लीगमध्ये दुबईच्या एका टीमकडून खेळायची. पोरगी इथंच वाढलेली. आपण मराठीत विचारलं की ती इंग्रजीत उत्तर देणार. तिच्या निमित्तानं ताई मैदानावर आल्या आणि लीगचा गुणतक्ता सांभाळायचं काम अंगावर घेऊन बसल्या. कुणी दिलं नव्हतं. आधीच्या माणसाच्या तक्त्यात त्यांना तीन चुका सापडल्या. त्यानं वैतागून सांगितलं, मग तुम्हीच करा. त्यांनी केलं.

घडीची खुर्ची, स्टीलची पट्टी आणि शिसपेन्सिल. छापील रेषा असलेल्या कागदावरसुद्धा त्या प्रत्येक ओळीखाली पट्टी धरून आपली रेष ओढायच्या. सईची मॅच असली की मुद्दाम समोरच्या बाजूला, दुसऱ्या टीमच्या लोकांत बसायच्या. टाळी नाही, हाक नाही. सईनं ट्राय करून गुण मिळवले तरी आधी घड्याळ, मग कागद, मग मान वर. तोवर सई परत पळत गेलेली असायची. आमचा युनूसभाई, पेशावरचा, वीस वर्षं याच मैदानावर. तो म्हणायचा, "ये माँ नहीं है, कॅमेरा है."

आणि त्यांचा एक कायमचा प्रश्न होता. मैदानावर कुणी छातीठोकपणे काही सांगितलं, की असं चालत नाही किंवा तसं करावंच लागतं, की त्या शांतपणे विचारायच्या, "हे कुठे लिहिलंय?" समोरचा गोरा असो, अरब असो की आमचा सुपरवायझर, अर्धे लोक तिथंच विषय बदलायचे.

मला त्यांनी गुण लिहायच्या टेबलावर बसवलं ती गोष्ट अशी. एका शनिवारी गुण लिहिणारा माणूस आलाच नाही. मी कोपऱ्यातले झेंडे लावत होतो. ताईंनी हाक मारली, "महादेव, हात धुऊन ये. तू लिही."

मी म्हटलं, "ताई, मला इंग्रजी लिहिता येत नाही. आठवी झालीय फक्त."

"आकडे येतात ना?"

"आकडे येतात."

"मग बस. आकडे काही इंग्रजी नसतात."

हात धुवून बसलो. कितीतरी वर्षांनी मी कागदावर दुसऱ्या कुणाच्या कामाचं काही लिहीत होतो. त्यानंतर दर शनिवारी बसू लागलो. दोन महिन्यांनी सुपरवायझरनं माझं नाव मदतनिसांच्या यादीतून काढून मैदान सहायकांच्या यादीत घातलं. व्हिसाचं नूतनीकरण त्या नव्या हुद्द्यावर होणार होतं. घरी फोन करून सांगितलं तर आई म्हणाली, म्हणजे आता उन्हात नाही ना? म्हटलं, उन्हातच, पण खुर्ची आहे.

रग्बीतल्या गुणांचा हिशेब ताईंनी मला शिकवला. पलीकडच्या रेषेपार बॉल टेकवला की ट्राय, पाच गुण. मग एक किक मारायला मिळते, ती लागली की आणखी दोन. समोरच्यांनी नियम मोडला तर पेनल्टीची किक, तीन गुण. हे मॅचचं झालं. लीगच्या तक्त्यात जिंकणाऱ्याला चार, बरोबरीला दोन, हरणाऱ्याला काही नाही. पण त्यावर दोन बोनस. मॅचमध्ये चार किंवा जास्त ट्राय केले तर एक जादा गुण. आणि हरलात, पण सात किंवा कमी फरकानं हरलात, तरी एक.

हा दुसरा बोनस ऐकून मी त्यांना परत विचारलं होतं. हरल्यावर गुण?

"का नाही? शेवटच्या मिनिटापर्यंत झुंजलेली टीम आणि अर्ध्यात हात टेकलेली टीम, दोघींना सारखंच शून्य द्यायचं?"

मला ते फार पटलं. शाळेत असं कुणी केलं असतं तर, असंही वाटून गेलं.

पण पहिल्या बोनसवर ताईंचा राग होता. "चार ट्राय कुणाविरुद्ध? आणि किती वाजता?" त्या विचारायच्या. आमच्याकडे एक मॅच दुपारी दोनला, एक पाचला. दोनच्या उन्हात पंधरा बायका धावतात आणि पाचला ऊन उतरल्यावर दुसऱ्या पंधरा, आणि दोघींना मोजमाप एकच. शिवाय इथं सगळ्या नोकरीवाल्या. ड्युटी लागली की एखादी टीम बाराच जणी घेऊन येते. त्यांच्यावर चार ट्राय कुणीही करतं. "म्हणजे हा बोनस खेळाचा नाही, वेळापत्रकाचा," असं त्या म्हणायच्या. दर वर्षी सीझन संपला की कमिटीपुढे त्या ठराव मांडायच्या, हरणाऱ्याचा बोनस ठेवा आणि चार ट्रायचा काढा. दर वर्षी तो पडायचा. चेअरमन दक्षिण आफ्रिकेचा, भला माणूस. तो म्हणायचा, बोनसमुळे खेळ मोकळा होतो, पोरी किक मारत बसत नाहीत, धावतात. ताई म्हणायच्या, धावतात हे खरं, पण न्याय आणि करमणूक या दोन वेगळ्या फायली आहेत.

आता माझी चूक.

लीगची शेवटची फेरी होती. शारजाच्या टीमची मॅच मी लिहीत होतो. ही टीम बहुतेक नर्सांची, केरळच्या, फिलिपिन्सच्या, दोघीतिघी केनियाच्या. शारजा औद्योगिक क्षेत्रात गॅरेजांच्या मागे एका मोकळ्या जागेत त्या सराव करायच्या. ट्राय मोजायची माझी एक पद्धत होती, कुणाला न सांगितलेली. ट्राय होतो तेव्हा दहा बायकांचा ढीग पडलेला असतो. बॉल टेकला की नाही ते मला कळायचं नाही आणि चुकायची धास्ती. म्हणून मी ढिगाकडे बघतच नसे. ट्रायनंतर किकसाठी बॉल ठेवायला प्लास्टिकचा छोटा स्टँड आत नेतात. स्टँड आत गेला की मी ट्रायच्या रकान्यात रेघ मारायचो. पेनल्टीच्या किकला कॅप्टन आधी गोलच्या खांबांकडे बोट दाखवते, म्हणून ती वेगळी कळायची. पूर्ण सीझनभर एकदाही चुकलं नव्हतं.

त्या दिवशी रेफरीनं पेनल्टी ट्राय दिला. म्हणजे समोरच्यांनी गैरमार्गानं अडवलं नसतं तर ट्राय झालाच असता, म्हणून तो झाला असं धरायचं. त्याचे थेट सात गुण मिळतात, किक नसते, म्हणून स्टँड आत जात नाही. फळ्यावर सात वाढले, मी एकूण आकडा बरोबर उतरवला. रेघ मात्र मारली नाही. शारजा एकोणतीस गुण करून जिंकली, माझ्या कागदावर ट्राय तीन. त्यांच्या कॅप्टनला ड्युटीवर जायचं होतं. तिनं उभ्याउभ्या सही केली आणि टॅक्सीत बसली.

तक्ता लागला. सईच्या टीमनं आठांपैकी पाच मॅच जिंकल्या होत्या, शारजानं चार. पण शारजाचे बोनस जास्त. दोघींचे एकवीस-एकवीस गुण झाले. गुण सारखे असले तर जास्त मॅच जिंकणारी टीम वर, म्हणून उरलेल्या एका जागेवर सईची टीम सेमीफायनलला गेली, शारजा बाहेर.

सोमवारी दुपारी ताईंचा फोन आला, ऑफिसातून.

"महादेव, शारजाच्या मॅचला पेनल्टीच्या किका किती मारल्या?"

"का हो ताई?"

"एकोणतीस गुण आणि तीन ट्राय. हे फक्त एकाच प्रकारे जमतं. तीन ट्राय, त्यातली एक किक लागलेली, म्हणजे सतरा. उरले बारा, म्हणजे चार पेनल्टी किक. या मुलींनी पूर्ण सीझनमध्ये चार पेनल्टी किक मारल्या नाहीत. त्या किक क्वचितच घेतात, बॉल घेऊन धावतात."

पाइप हातात तसाच धरून मी उभा होतो. त्या बोलत होत्या तेवढ्यात त्या मॅचचा रेफरी माझ्या डोळ्यांपुढे आला, पेनल्टी ट्राय द्यायला खांबांच्या मधोमध पळत जाऊन हात वर केलेला. आणि स्टँड बाहेरच पडलेला.

"मारल्या असतील," मी म्हणालो.

"असतील की मारल्या?"

"मारल्या, ताई. चार."

"बरं," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

का बोललो ते मला ठाऊक आहे. व्हिसाचे कागद त्याच आठवड्यात जायचे होते. आठवी पास माणसाला टेबलावर बसवलं म्हणून आधीच कुरकूर होती. चूक निघाली तर आधी खुर्ची जाणार, मग यादीतलं नाव, मग हातात परतीचं तिकीट. आणि सईची टीम पुढे गेलीय, म्हणजे ताईंचं भलंच होतंय, अशीही मी माझी समजूत घातली. युनूसभाईला सांगितलं तर तो म्हणाला, "खलास. काग़ज़ पे साइन हो गया, अब तू क्यूँ मरता है?"

मंगळवारी सकाळी साडेसहाला मी त्यांच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये जाऊन उभा राहिलो. त्याही अल कुसैसलाच राहायच्या, माझ्या खोलीपासून चालत वीस मिनिटं. त्या बॅग घेऊन खाली आल्या. मला पाहून गाडीचं दार उघडलं, आणि ते तसंच उघडं ठेवून ऐकत राहिल्या. मी सगळं सांगितलं, स्टँडचंही सांगितलं.

"तुला कळलं कधी?"

"तुम्ही फोनवर बोलत होता तेव्हाच."

त्यांनी बॅग सीटवर ठेवली. मग म्हणाल्या, "मैदानावर चुकलास ते मला समजतं. फोनवर तू चुकला नाहीस. ठरवून बोललास."

"हो," मी म्हणालो.

"हे माझ्याशी पुन्हा करायचं नाही."

"नाही करणार."

"चल वर. सईला तू सांगायचंस."

मला वाटलं होतं त्या ओरडतील आणि मोकळं करतील. त्या मोकळं करणाऱ्यातल्या नव्हत्या. सई टेबलाशी बसून टोस्ट खात होती. मी हिंदी-मराठी मिसळून सांगितलं. तिनं टोस्ट खाली ठेवला, माझ्याकडे बघितलंच नाही, आईकडे बघितलं.

"बट वी वन मोअर गेम्स, मम्मा."

"हो."

"फाइव्ह. दे वन फोर."

"हो. आणि पाच जिंकलेल्यांनी चार जिंकलेल्यांच्या खाली राहणं चूक आहे. मी दर वर्षी तेच सांगते."

"देन लेट इट गो. यू डोन्ट ईव्हन बिलीव्ह इन द ट्राय बोनस. युअर ओन रूल वुड पुट अस थ्रू."

"माझा नियम पास झालेला नाही," ताई म्हणाल्या.

सई उठून आत गेली. दार आपटलं नाही, हळू लावलं. ते आपटलं असतं तर बरं झालं असतं असं मला वाटलं. ताईंनी तिचा अर्धा टोस्ट झाकून ठेवला, ऑफिसला उशीर होईल म्हणून कळवलं आणि चेअरमनला ईमेल लिहायला बसल्या. लिहिताना मधेच मला म्हणाल्या, "चहा ठेवशील? पहिलंच वाक्य तीनदा खोडलंय." तेव्हा मला कळलं की हे सगळं त्यांना सोपं जात नव्हतं.

बुधवारी पाच वाजता क्लबच्या खोलीत मीटिंग झाली. चेअरमन म्हणाला, कागदावर दोन्ही कॅप्टनच्या सह्या आहेत, तक्रारीची मुदत अठ्ठेचाळीस तास, ती संपली, शारजानं तक्रार केलेली नाही.

"मुदत क्लबांच्या तक्रारीला आहे," ताई म्हणाल्या. "आपल्याच टेबलावरची चूक आपणच सुधारायला मुदत आहे, हे कुठे लिहिलंय?"

नियमांची पानं उलटली गेली. कुठेच लिहिलेलं नव्हतं. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी उभा राहिलो. वाक्य चालत येताना दहादा घोकलं होतं. "सर, माय मिस्टेक. शारजा फोर ट्राय. वन पेनल्टी ट्राय. आय राइट थ्री."

रेफरीचं स्वतःचं कार्ड मागवलं. त्यावर चार होते. शारजाचे बावीस गुण झाले, सईची टीम बाहेर.

मग एकजण म्हणाला, ठीक आहे, पण या माणसाला आता टेबलावर नको. मला ते अपेक्षितच होतं. मी दाराकडे वळलोसुद्धा.

"मग माझंही नाव काढा," ताई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "कागद मी बनवलाय. त्यात ट्रायला रकाना आहे, एकूण गुणांना आहे, पेनल्टी ट्रायला नाही. सव्वीस वर्षं मी टेस्टिंग करते आणि ही जागा माझ्या नजरेतून सुटली. तो स्टँड बघून मोजत होता, हेही मी कधी विचारलं नाही. त्यानं येऊन सांगितलं म्हणून आज तक्ता बरोबर आहे. सांगणाऱ्याला काढलंत तर पुढचा कुणी सांगणार नाही."

चेअरमन हसला आणि म्हणाला, अनुराधा, तुझ्याशी वाद घालण्यापेक्षा स्क्रमच्या रेटारेटीत जाणं सोपं आहे. मी राहिलो. व्हिसाचे कागद गेले. नव्या कागदावर पेनल्टी ट्रायचा रकाना आला.

सेमीफायनलला शारजाची टीम एकोणीस गुणांनी हरली. सई प्रेक्षकांत बसली होती. नंतर टेबलापाशी येऊन आईला म्हणाली, "वी वुड हॅव बीटन देम." ताई कागदावर रेष ओढत म्हणाल्या, "असेल." सई आईच्या खुर्चीच्या कडेला टेकून बसली. मला म्हणाली, "अंकल, वॉच द रेफरीज आर्म. नॉट द टी." टी म्हणजे तोच स्टँड. तेव्हापासून मी हातच बघतो.

सीझन संपल्यावर वार्षिक सभा झाली. खुर्च्या लावायला मी होतो, म्हणून ऐकायला मिळालं. ताईंनी ठराव पुन्हा मांडला. दोनचं ऊन, पाचची सावली, बारा जणींच्या टीमा, सगळं सांगितलं. मला वाटलं आता सईच्या टीमचं उदाहरण देतील. पाच जिंकून बाहेर, यापेक्षा ठोस काय असणार? त्यांनी ते उच्चारलंही नाही. ठराव पडला. बाहेर आल्यावर मी विचारलं, "ताई, ते का नाही सांगितलं? त्यावर मतं मिळाली असती."

"मिळाली असती," त्या म्हणाल्या. "पण मग तो सईच्या आईचा ठराव झाला असता."

पुढच्या हिवाळ्यात त्या दुबई सोडून गेल्या. नवऱ्याची नोकरी संपली आणि कुटुंब पुण्याला परतलं. सामान आधीच गेलं होतं. विमानाच्या दिवशी, शनिवारी दुपारी, जाता जाता त्या मैदानावर आल्या. टॅक्सी फाटकात उभी, सई आत बसलेली. मुलींची मॅच चालू होती. मी टेबलावर होतो, उठता येत नव्हतं. त्यांनी दुरूनच हात केला आणि वळल्या. पण वळताना त्यांची नजर फळ्यावर गेली. फळा चालवणाऱ्यानं दोन गुण कमी लावले होते. मॅच चालू असताना मैदानातून आडवं जायचं नाही. म्हणून त्या टोपी घट्ट करून कडेकडेनं पूर्ण फेरा घालून पलीकडे गेल्या, तिथल्या माणसाला काहीतरी सांगितलं, आकडा बदलेपर्यंत थांबल्या आणि तसाच फेरा घालून परत आल्या. सई टॅक्सीतून उतरून हातवारे करत होती. ताई पळाल्या नाहीत. फाटकाशी पोचून बसल्या, दार लागलं.

ठराव आता मांडायला कुणी नाही. कमिटीत बोलायचं तर अधिकृत गुणलेखकाची परीक्षा लागते, इंग्रजीत. मी पुस्तक आणलंय. रोज सकाळी पाणी मारून झालं की एक पान वाचतो. अडलं तर पुण्याला व्हॉइस मेसेज पाठवतो. उत्तर येतं, आधी माझी चूक, मग अर्थ. एकदा नापास झालोय, मार्चमध्ये परत बसणार आहे. चार ट्रायचा बोनस पूर्ण चूक आहे का, ते मला अजूनही नक्की सांगता येत नाही. चेअरमनचं म्हणणंही कधीकधी पटतं. पण दोनच्या उन्हात मी रोज उभा असतो, त्यामुळे त्यातलं निम्मं तरी मला कुणी शिकवायला नको.

ताई, परीक्षा पास झालो की पहिल्याच सभेत तुमचा ठराव मी मांडणार आहे. पडला तर पुढच्या वर्षी परत. तुमचं माझ्यावर जे आहे ते फेडायला मला दुसरं काही येत नाही, पण हे मी करणार.